चौकटीबाहेरची मेंढरं

लांडग्याचं एक छायाचित्र आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. सोनेरी गवत, मागे धुरकट पिवळा पडदा, मधोमध लांडगा आणि त्याची पिवळसर नजर थेट आपल्यावर रोखलेली. दिनदर्शिकेत, प्रदर्शनात, सकाळी सकाळी कुणीतरी पाठवलेल्या शुभेच्छांत हेच चित्र थोड्याफार फरकाने भेटतं. पाहणाऱ्याला वाटतं, कुठल्याशा निर्मनुष्य मुलखातला हा प्राणी. प्रत्यक्षात ते चित्र पुष्कळदा बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या माळावर काढलेलं असतं. छायाचित्रकाराच्या पाठीमागे हाकेच्या अंतरावर डांबरी रस्ता असतो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पोल्ट्रीची लांबलचक शेड, आणि समोरच्या उतारावर धनगराचा वाडा. लांडगा कॅमेऱ्याकडे बघतोय असं आपल्याला वाटतं. तो कॅमेऱ्यामागून चाललेल्या मेंढरांकडेही बघत असेल.

ही मेंढरं चित्रातून जातात कुठे, हा प्रश्न मला अलीकडे असली चित्रं पाहताना पडतो.

काही अंशी ती भिंगच गिळतं. रानातले हौशी लोक जिच्यासाठी पैसे साठवतात, त्या सहाशे मिलिमीटरच्या लेन्सला समोरच्या जगाचा जेमतेम चार अंशांचा तुकडा दिसतो. पौर्णिमेचे आठ चंद्र एका ओळीत ठेवले तर जेवढी जागा व्यापतील, तेवढाच. त्यातही तिचं तोंड पूर्ण उघडलं, तर चाळीस मीटरवरच्या प्राण्याच्या आगेमागे मिळून मीटरभराचा पट्टा काय तो स्वच्छ उमटतो. बाकीचं सगळं विरघळून जातं. विजेचा खांब, मोटरसायकल, पाइपलाइन, हिरवी साडी नेसून खुरपणाऱ्या बाया यांचा मिळून एक गुळगुळीत रंग होतो आणि त्याला आपण सुंदर पार्श्वभूमी म्हणतो.

उरलेलं काम माणूस करतो. निसर्गछायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा एक जुना दंडक आहे, की चित्रात माणसाचा हात दिसता कामा नये. छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिआप आणि अमेरिकेतली छायाचित्रण संस्था पीएसए यांसारख्यांनी मिळून निसर्गचित्राची जी व्याख्या ठरवली, तिच्यातही मानवी वस्तूंना मज्जाव आहे. अपवाद ठेवला होता तो माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेल्या प्राण्यांचा, आणि उदाहरणं दिली होती गव्हाणी घुबडाची नि बलाकांची. घुबडाला कोठार चालतं, बलाकाला धुराडं चालतं. आमच्या लांडग्याला मात्र मेंढरू चालत नाही! म्हणजे त्याला चालतं, परीक्षकांना चालत नाही. हा अपवाद आपल्याकडे नियम असायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात, सासवड-जेजुरीपासून थेट सोलापूरपर्यंत, माणसाचा हात न लागलेली जागा मिळणं कठीण. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, ससा, धाविक, चंडोल, सगळे गावाच्या शिवारातच जगत आले आहेत. गवत वाढतं, गुरं-मेंढरं ते खातात, त्यांच्या लेंड्या मातीत मुरतात, किडे होतात, किड्यांवर पक्षी येतात. मेंढपाळाला या माळातला उपरा समजायचं असेल, तर लांडग्यालाही समजावं लागेल.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी जाहीर झालं. त्याचं क्षेत्रफळ आहे ५.१४ चौरस किलोमीटर. सकाळच्या फेरफटक्यात माणूस ते पायी पालथं घालील. चिंकारा काही या रेषेच्या आत बसून राहत नाही. तो हरभऱ्यात जातो, पडीत चरतो, रस्ता ओलांडतो. तरी अभयारण्यातली बहुतेक चित्रं पाहिली, तर हा प्राणी जणू अथांग गवताच्या समुद्रात राहतो असं वाटावं. सोलापूरच्या नान्नजची गोष्ट याच्या अगदी उलट. माळढोकासाठी १९७९ मध्ये जे अभयारण्य जाहीर झालं, ते जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. त्यात शेतं आली, गावं आली, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोकांची नाराजी आली, आणि पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. त्या काळी पक्ष्याची जी चित्रं लोकांपुढे गेली, त्यांत तो एकटा, मान ताठ करून, मोकळ्या माळावर उभा. नकाशाने माणसं आत घेतली होती आणि छायाचित्रांनी ती बाहेर ठेवली होती. ज्या शेतकऱ्याच्या बांधाशी तो पक्षी वावरला, त्याचं नि पक्ष्याचं एकत्र चित्र घरोघरी गेलं असतं, तर माळढोक वाचला असता असा माझा दावा नाही. पण भांडणाची भाषा थोडी वेगळी झाली असती.

एकदा एका मित्राबरोबर अशाच एका माळावर हिंडत असताना एक वयस्कर धनगर भेटले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मेंढरं पुढे पांगलेली.

"मामा, इकडं लांडगा दिसतो का?" मित्राने विचारलं.

"दिसतो की. परवा रातच्याला येऊन गेला. कोकरू नेलं."

आवाजात राग नव्हता. पाऊस कमी झाला, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. लांडग्याचा वाटा लांडगा नेणारच, असं मानणारे जुने मेंढपाळ या भागात अजून भेटतात. मित्राने मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण टिपलेला लांडगा दाखवला. मामांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून बराच वेळ पाहिलं.

"ह्यो आमच्या वाड्यामागचाच हाय. पर वाडा कुठं हाय ह्यात?"

"वाडा डावीकडं राहिला, मामा. चित्रात नाही आला."

"आसं व्हय," म्हणाले, आणि मेंढरांना हाळी घालून चालू लागले.

मित्राला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि तंत्राच्या दृष्टीने वावगं काही नव्हतंही. चित्र उत्तम होतं. पण त्या कोकराचंही एक चित्र निघालं असणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. जनावर मेलं की मालकाने वन विभागाला कळवायचं, वनरक्षक येऊन पंचनामा करणार, मग भरपाईचा अर्ज. अशा वेळी घरातला शिकलेला पोरगा मोबाइल काढतो आणि फाटलेला गळा, रक्त लागलेली लोकर, मातीतला पंजा टिपून ठेवतो. तेही वन्यजीव छायाचित्रणच आहे. त्याला सकाळचा कोवळा प्रकाश नसतो, चौकट वाकडी असते, कोपऱ्यात कुणाची तरी चप्पल आलेली असते. एकाच रात्रीची, एकाच जनावराची दोन चित्रं. एक प्रदर्शनाच्या भिंतीवर जातं, दुसरं सरकारी फायलीत. दोन्ही शेजारी शेजारी लावलेली मी अजून कुठे पाहिली नाहीत. कुणी लावली तर तिकीट काढून बघायला जाईन.

लांब भिंग आणखी एक गोष्ट लपवतं, ती म्हणजे माळ. महसुलाच्या दप्तरात ही जमीन बहुधा 'पडीक' म्हणून लागलेली असते. पडीक म्हटलं की काहीतरी करून दाखवण्याचा उत्साह येतो. कुणी चर खणतं, कुणी गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावतं, कुणी प्लॉट पाडतं. झाडं लावणं म्हणजे पुण्य, हे आपल्या मनात इतकं ठसलं आहे की गवताला झाडाची सावली बाधते, हे सांगायला गेलं तर लोक संशयाने बघतात. धाविक उघड्या जमिनीवर, नुसत्या खड्यांत अंडी घालतो. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. या दोघांनाही चहूबाजूला मोकळी नजर लागते. आता विचार करा, गेल्या काही वर्षांत लांडग्याच्या चेहऱ्याचे किती उत्तम क्लोज-अप आपण पाहिले. त्याची मिशी न् मिशी मोजता येते. लोकांना लांडगा आवडू लागला, हे त्या चित्रांचं श्रेय, आणि ते मोठं आहे. लहानपणी गोष्टीत त्याच्या वाट्याला काय आलं होतं ते आठवावं. पण ज्या माळावर तो उभा आहे तो माळ धूसर रंगाच्या पडद्यामागे गेल्यामुळे त्याच्यावर कुणाचा जीव जडला नाही. माळ गेला तरी चित्रात फरक पडत नाही. पिवळा पडदा उसाचाही होतो.

पडद्यामागे गावची कुत्रीही असतात. पुण्याजवळच्या गवताळ भागात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. कुत्र्यांकडून रोगही पोचतात. लांडगा पोल्ट्रीवाल्यांनी फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या खातो, तिथे कुत्रीही येतात, आणि गाठ पडते. त्या उकिरड्यावरचं चित्र काढायला कुणी पहाटे उठत नाही, हे मी समजू शकतो. वास फार येतो.

या बाबतीत सर्वांत प्रामाणिक छायाचित्रकार म्हणजे झाडाला बांधलेला कॅमेरा. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतवाटांवर असे कॅमेरे लावले होते. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा त्या ओलिताच्या पट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस निघाले. त्या कॅमेऱ्याला सौंदर्यदृष्टी नाही. समोरून काही हललं की तो टिपतो. त्यामुळे ज्या वाटेवर रात्री बिबट्या, त्याच वाटेवर दिवसा दुधाचे कॅन अडकवलेली मोटरसायकल. बिबट्याच्या अंगावर पडणारा प्रकाश बेढब, पाठीमागे ठिबकच्या नळ्या. पण शिवार म्हणजे काय हे मला त्या प्रकारच्या चित्रांनी जितकं शिकवलं, तितकं कुठल्या बक्षिसाच्या चित्राने शिकवलेलं नाही.

उजनीची गंमत आणखी वेगळी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि काठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, जोडीला चित्रबलाक, चमचे, शेकाटे. जे कोळी बांधव चिलापीची जाळी लावत, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पक्ष्यांची नावं पाठ केली आणि होड्या पर्यटकांसाठी लावल्या. हे सगळं छान आहे. पण त्या गुलाबी थव्याच्या चित्रात दोन गोष्टी कधी येत नाहीत. एक म्हणजे पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर, जे पाणी ओसरलं की पुन्हा वर येतं आणि ज्याच्या भोवतीचं गाव केव्हाच उठून गेलं. दुसरी म्हणजे पाण्यातलं पुणं. मुळा-मुठेतून आपण जे सोडतो ते भीमेतून इथवर येतं. शेवाळ-किडे पोसणाऱ्या त्या चिखलात आपलाही हातभार आहे. पुणेकर छायाचित्रकार पहाटे चारला गाडी काढून शंभर किलोमीटर जातो ते एका अर्थी आपलंच सांडपाणी भेटायला. हे बोलून दाखवलं की होडीतले लोक जरा गप्प होतात, म्हणून हल्ली मी होडीत हे बोलत नाही, इथे लिहितो.

होडीतलं दुसरं एक बोलणं मात्र कानावर पडतंच. "दादा, जरा उडवा ना त्यांना." रोहित उडाला की पंखांखालचा शेंदरी-काळा रंग उघडतो, आणि चित्र त्याचंच हवं असतं. चोच उलटी धरून चिखल गाळत पोट भरणं हा त्या पक्ष्याचा तासन्‌तासांचा उद्योग. एका होडीसाठी एकदा उडाला, दुसरीसाठी पुन्हा. समजदार नावाडी इंजिन बंद करून वल्ह्यावर येतात आणि "आपोआप उडतील, थांबा" म्हणतात. काहींना नाही म्हणणं जड जातं, कारण समोरचं माणूस दुसऱ्या होडीत जाईल.

कायद्याच्या पुस्तकात याबद्दल एक फार मार्मिक नोंद आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची व्याख्या करताना नुसतं मारणं घेतलं नाही. पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं, एवढंच काय, पक्ष्यांची वा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी विचलित करणं, हे सगळं शिकारीत धरलं. गोळी आणि क्लिक यांतला फरक कायद्याला ठाऊक आहे. पण क्लिकच्या आधीची धावपळ त्याला गोळीच्या आधीच्या धावपळीसारखीच दिसते. लांडग्याच्या मागे माळावर गाड्या घालण्याचे प्रकार इतके वाढले होते की वन विभागाने आता कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या गवताळ भागात ठरलेल्या वाटांवरून सफारी सुरू केली आहे. वाट सोडायची नाही. ही शिस्त मला आवडली. शिवाय स्थानिक पोरांना वाटाड्याचं काम मिळतं.

पक्ष्याला माणसाची भीती वाटते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. नांगर किंवा ट्रॅक्टर चालू असताना गायबगळे फाळामागे हातभर अंतरावर चालतात, कोतवाल तिथल्याच तारेवर बसून किडे टिपतो. मेंढरं हाकत जाणाऱ्या बाईला चंडोल वाटेतून फक्त बाजूला होऊन जागा देतो. आणि हिरवे-करडे ठिपक्यांचे कपडे घालून, श्वास रोखून, गुडघ्यांवर सरकत येणारा माणूस दिसला की भुर्रकन उडतो. कारण उघड आहे. दबा धरून, नजर रोखून जवळ येणारा त्याच्या जगात एकाच कामासाठी येतो. जो आपल्या कामाला चालला आहे त्याच्यापासून धोका नाही, हे पाखराला कळतं. म्हणून मी नवशिक्यांना सांगतो, लपण्याची जागा शोधण्यापेक्षा बांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोलत उभे राहा. टिटवी पाच-दहा मिनिटं ओरडेल, मग कंटाळेल. वेडा राघू आपल्या नेहमीच्या तारेवर परत येईल. शेतकऱ्याला विहिरीजवळचा पिंगळा कुठल्या ढोलीत बसतो ते माहीत असतं, तो तुम्हाला दाखवील. विणीच्या दिवसांत मात्र ढोलीपासून लांबच राहावं. आणि पिंगळ्याचं चित्र काढायचंच तर विहीर, मोटारीची पेटी आणि ढोलीचं झाड एका चौकटीत बसवून बघा. चेहऱ्याचा क्लोज-अप आधीच खूप जणांनी काढून ठेवला आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला.

याला महागडी लेन्सही लागत नाही, ही माझ्यासारख्याला सोयीची गोष्ट. साध्या झूमच्या कॅमेऱ्यात प्राणी लहान येतो, येऊ द्यावा. चिंकारा बोटाच्या पेराएवढा, त्याच्यामागे शाळेला निघालेली तीन सायकलवरची पोरं, वर विजेच्या तारा, दूर डोंगराचा निळा उतार. माझ्याकडे असं एक चित्र आहे. जाणकार मित्र ते पाहून हमखास म्हणतात, तारा काढून टाक, सायकली कापून टाक. सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम आहे म्हणे. त्या पोरांपैकी एकाला मी ते दाखवलं होतं. त्याने चिंकारा आधी पाहिलाच नाही. "ही माजी सायकल!" म्हणाला, आणि मग बोट सरकवत सरकवत, "आणि हे हरीण आमच्या हरभऱ्यातलं."

थंडीचे दिवस आहेत. पहाटे माळावर अजून गार असतं, आणि सुप्याच्या बाजूला उजाडायच्या सुमाराला लांब भिंगांची गर्दी होते. नऊ-दहाच्या पुढे जमीन तापू लागली की हवा थरथरते आणि त्या भिंगांतून सगळंच लहरताना दिसतं. मग गाड्या भरतात, मंडळी मोरगावच्या रस्त्याला मिसळ खायला जातात. लहान भिंगाला त्या थरथरीचा फारसा त्रास होत नाही. शिवाय मेंढरं वाघरातून सुटून माळावर पांगतात ती त्याच सुमाराला.